ठमीचे ध्यान

एका नदीकाठच्या गावात एक पुजारीणबाई राहत होत्या. पुजारीबुवाही होते, महादेवाचे देऊळही होते, पण ही गोष्ट बाईंची आहे.

बाईंच्या हाताला चव होती आणि मनाला दम नव्हता. दारात कोणी उभे राहिले की पाट मांडलाच म्हणून समजा. 'नको' हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे. मांजर भरल्या पोटी आले तरी त्याला दूधभात मिळे, आणि पाहुणा ढेकर देऊन उठू लागला तरी त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी पडे. गावात म्हणत, बाईंच्या घरून उपाशी परत यायचे तर मुद्दाम प्रयत्न करावा लागतो.

एके दिवशी नदीवरून आणलेल्या घागरीत काहीतरी खडखडले. बाईंनी पाणी ओतले, तर त्याबरोबर मोठ्या लिंबाएवढे एक कासव बाहेर पडले. मान आत, पाय आत, शेपटीसुद्धा आत.

"अगं बाई, केवढीशी ही ठमी!" बाई म्हणाल्या. झाले, नाव पडले आणि ठमी घरची झाली.

बाईंनी तांब्याचे घंगाळ चिंचेने घासून लख्ख केले. त्यात पाणी भरले आणि ते माजघरात, देवघराशेजारी ठेवले. तिथे ऊन नाही, वारा नाही, कावळ्याची भीती नाही. सकाळी दहीभात, दुपारी वरणात कुस्करलेली पोळी, सणावारी शिऱ्याचा घास. एकादशीला ठमीलाही उपास घडे. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट जरा जास्तच घालून.

"अगं, कासव हे खातं का?" बुवांनी एकदा विचारले.

"घरातलं माणूस झालं ते," बाई म्हणाल्या. "मग घरातलं नको का खायला?"

बुवांनी आपला घास तोंडात घातला.

काही महिने असे गेले. ठमी थोडे चाखायची, उरलेले पाण्यात विरघळून जायचे. मग ती चाखेनाशी झाली. तिचे डोळे आधी सुजले, मग मिटले, आणि एकदा मिटले ते उघडेचनात. मान बाहेर काढून ती घंगाळाच्या कडेशी तासन् तास निश्चल बसू लागली.

बाईंनी काळजीने बुवांना हाक मारली. तेवढ्यात गावातले एक जाणते आजोबा तीर्थ घ्यायला घरी आले. सगळ्या गोष्टींत जाणते असल्यामुळे त्यांनी घंगाळातही डोकावले.

"अहो बुवा," त्यांचा आवाज कापू लागला, "हे ध्यानाला बसलंय! देवापुढच्या दगडी कासवाला आपण रोज हात जोडतो. आता महादेवानं जिवंत कासव पाठवलं!"

संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळले. ठमीचा एका दिवसात कासवबुवा झाला. बायका फुले घेऊन आल्या, पुरुष मुंडासे काढून उभे राहिले, कोणी पाठीवर हळदकुंकू वाहिले, तर कोणी घंगाळात दूध ओतले.

पुजारीबुवा वाईट नव्हते हो. पण वर्षानुवर्षे रिकाम्या देवळात एकट्याने घंटा वाजवणाऱ्या माणसाला गर्दी गोड लागली, तर त्यात नवल काय? ते दोनदा धोतर बदलून आले.

बाईंनाही आधी खरेच वाटले. त्यांनीही हात जोडले. पण रात्री ते नासके पाणी बदलताना त्यांचा अंगठा ठमीच्या पाठीवर टेकला आणि पाठ दबली. भिजलेली सुपारी दबावी, तशी. आणि बोट लागताच मान आत ओढणारी ठमी जागची हललीसुद्धा नाही.

"अहो, ध्यानाला बसलेल्याचं अंग असं मऊ पडतं का?" त्यांनी विचारले.

"तप आहे ते," बुवा म्हणाले. "तपात देह झिजतोच. सोमवारी गाव पालखी काढणार आहे. देवळाला पाच प्रदक्षिणा, वर दुधाचं स्नान."

उत्तर पोथीतले होते, पण बाईंच्या अंगठ्याला ते पटले नाही.

सोमवारी सकाळी बाई नदीवर गेल्या आणि घागर न भरताच काठावर बसल्या. जन्मभर त्या या घाटावर येत होत्या, पण डोक्यात नेहमी चुलीवरचे आधण. नदीत कोण राहते हे पाहायला सवड कुणाला होती? आज त्यांनी पाहिले. पात्रातल्या खडकावर कासवे उन्हात पाय पसरून पडली होती. एवढे ऊन, पण एकही सावलीला जात नव्हते. एकाने पाण्यात बुडी मारून चिमुकला मासा धरला. दुसरे शेवाळ ओढत होते. तिसऱ्याने काठावरचे गांडूळ तोंडात धरले आणि ते गिळण्यासाठी पुन्हा पाण्यात शिरले. आणि सगळ्यांचे डोळे कसे टक्क उघडे!

"ठमीला मी सगळं दिलं," बाई पुटपुटल्या, "फक्त कासवाचं काही दिलं नाही."

कळले खरे, पण वळणे सोपे नव्हते. बाईंचे सोवळे म्हणजे सोवळे. अंगणातून माशांची पाटी गेली तरी त्या सडा घालत. पाल पडली तर डोक्यावरून अंघोळ करत. आता गांडुळाला हात लावायचा? परसात केळीच्या आळ्याशी त्या वाकल्या, शहारल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पुढच्या दारी झांजा वाजल्या. पालखी आली होती.

"अगं, कासवबुवांना बाहेर आण!" पुजारीबुवांनी हाक दिली.

बाई माजघरात गेल्या. ठमीची मान एका बाजूला कलली होती. पाच प्रदक्षिणा आणि दुधाचे स्नान हिला सोसणार नाही, हे सांगायला कोणी शास्त्री नको होता. बाईंनी घंगाळ उचलले आणि पुढच्या दाराकडे पाठ फिरवून त्या तडक परसात गेल्या. झांजा थांबल्या. सगळा गाव त्यांच्या मागोमाग परसात आला.

गुरांना पाणी पाजायची एक दगडी डोण तिथे उन्हात होती. बाईंनी तिच्यात एक सपाट धोंडा ठेवला, धोंडा अर्धा बुडेल एवढे नदीचे पाणी ओतले आणि ठमीला धोंड्यावर अलगद टेकवले. मग पदर खोचला, केळीच्या आळ्यात हात घातला आणि दोन बोटांत वळवळणारे गांडूळ धरून आणले.

"पुजारीणबाई!" आजोबा किंचाळले. "तुम्ही सोवळ्यात आहात!"

बाईंनी गांडूळ ठमीच्या तोंडापाशी धरले.

"सोवळं माझं आहे, आजोबा," त्या म्हणाल्या. "पोट तिचं आहे."

गाव पांगला. रिकामी पालखी देवळात गेली. त्या दिवसापासून बुवा आपला भात आपणच शिजवू लागले. तो रोज करपे, आणि ते तो रोज मुकाट्याने खात.

ठमीने मात्र त्या दिवशी काही खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाई डोणीपाशी बसून रडल्या. आपल्या हातचे जेवून आजवर कुणी दुबळे झाले नव्हते, आणि इथे एवढासा जीव आपल्याच हाताने वाळवला, हे त्यांना सोसवेना. पण त्यांनी नेम सोडला नाही. रोज ताजे पाणी, रोज ऊन, कधी गांडूळ, कधी शेवाळ, कधी बारकी गोगलगाय. अशाच एका दुपारी पाण्यात सोडलेले गांडूळ ठमीच्या नाकाला लागले. तिने तोंड उघडले आणि गट्ट केले! बाईंना पुरणपोळीच्या पंगतीत झाला नसेल एवढा आनंद झाला.

पुढे एक डोळा किलकिला झाला, मग दुसरा. पाठ टणक होऊ लागली. कुणी जवळ आले की ठमी धोंड्यावरून धपकन पाण्यात उडी मारू लागली.

स्वयंपाकघराच्या दारातून बुवा हे रोज पाहत होते, आपण पाहत नाही असे दाखवून.

एका सकाळी ते नदीवरून अंघोळ करून आले ते थेट परसात. हातात पानाचा द्रोण होता, तो अंगापासून जितका लांब धरता येईल तितका लांब. द्रोणात चिमुकला मासा तडफडत होता. बुवांनी तो शेपटीला धरला, तोंड दुसरीकडे फिरवले आणि डोणीत हात घातला. ठमीने मासा घेतला, आणि त्याबरोबर बोटही.

बुवा असे ओरडले की आजोबा देवळातून धावत आले.

"काय झालं? ध्यान मोडलं का? पुन्हा काही चमत्कार?"

देऊळ पुन्हा रिकामे पडले होते. बुवांनी नुसते 'हो' म्हटले असते, तरी दुपारपर्यंत झांजा वाजल्या असत्या. त्यांनी बायकोकडे पाहिले. बुवांनी रक्ताळलेले बोट धोतराला पुसले.

"ते ध्यान नव्हतंच, आजोबा," ते म्हणाले. "उपासमार होती ती. आणि ती आमच्या घरात झाली."

आजोबा पुटपुटत निघून गेले. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"आज माझ्या हातचा भात चालेल का?" त्यांनी विचारले.

"चालेल," बुवा म्हणाले. "पण आधी हात धू."

"मी धुतेच," बाई म्हणाल्या, "तुम्हीही धुवा."

तात्पर्य एवढेच: माया आपली असली तरी भूक दुसऱ्याची असते, म्हणून वाढण्याआधी आपल्या ताटाकडे नाही, खाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे.