धाकूचं भेटकलम

एका गावात एक भोळा घरजावई होता. त्याचं नाव धाकू. कामाला तो कधी नाही म्हणायचा नाही. सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे तंतोतंत करायचा, आणि घोळ व्हायचा तो तिथंच.

त्याची बायको अनसूया आणि सासरे आबा. शेजारच्या घरात आबांचे सख्खे धाकटे भाऊ नाना. दोन्ही परसांच्या मधे एक बांध होता आणि बांधावर आंब्याचं म्हातारं झाड होतं. त्याला सगळे साखऱ्या म्हणत. तसा गोड आंबा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. फळं कुणाच्या बाजूला जास्त पडतात, यावरून भावाभावांचं बिनसलं आणि तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आबांना नानांना काही सांगायचं असलं, की ते आपल्या म्हशीला मोठ्यानं सांगायचे. नाना आपल्या कोंबड्याला उत्तर द्यायचे.

शेवटी म्हैस आणि कोंबडा यांच्यामार्फत ठरलं. दिवाळी झाली की झाड तोडायचं. ना तुला, ना मला.

अनसूया खूप रडली. तिला सहावा महिना होता. "माझ्या बाळाला साखऱ्याची चवबी कळायची न्हाई," ती म्हणाली.

"कोय पुरू की," धाकू म्हणाला.

"कोयीचं झाड कुणावर जाईल काय नेम हाय? एखादं आंबटढाण निघंल. साखऱ्याच्याच फांदीपासनं नवं झाड करायला पायजे. मला आता वाकवत न्हाई, तुमीच शिका. आधी गुलाबावर हात बसवू. चांगली जून काडी बघायची, वीतवीतभर तुकडे करायचे, खालनं तिरके कापायचे नि ओल्या मातीत खोचायचे. फुटत्यात."

धाकूनं जून काडी शोधली. घरात सगळ्यांत जून काडी म्हणजे आबांची काठी. ती आबांच्या आजोबांपासून चालत आलेली. धाकूनं तिचे सहा तुकडे केले, खालून तिरके कापले, ओळीनं खोचले आणि पाणी घातलं.

"एकाला आत्ताच पितळेचं बोंड आलंय," तो अनसूयेला म्हणाला.

अनसूयेनं कपाळाला हात लावला. "आवं, त्या काठीत जीव हाय का? जीव असंल तेच लावायचं असतं!"

"असं व्हय! आता कळलं," धाकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं टोपलीभर हळदीचे गड्डे दिले. "हळद बियांनी लावत न्हाईत. ह्ये गड्डेच वाफ्यात पुरायचे."

धाकूनं एकेक गड्डा कानाला लावून पाहिला. एकही काही बोलेना. त्यानं टोपली उकिरड्यावर पालथी केली आणि जीव असलेलं काही मिळतंय का बघायला निघाला. बांधावर नानांचा कोंबडा उभा होता. धाकूनं त्याला वाफ्यात मानेपर्यंत पुरला, माती दाबली आणि डोक्यावर तांब्याभर पाणी घातलं.

अनसूया आली तेव्हा वाफा आरवत होता.

नाना धावत आले. त्यांनी कोंबडा उपटला, झटकला आणि आबांच्या म्हशीला चार शब्द सुनावून निघून गेले.

"आवं, दिसलं की पुरलं असं नसतंय!" अनसूया म्हणाली. "काहींना जागच्या जागी ठेवूनच मुळं आणायची असतात. आपल्या डाळिंबाची गुटी बांधू. फांदी झाडालाच ठेवायची. बोटभर भाग सोलायचा, त्याला ओलं शेवाळ लावायचं, वरनं फडकं गुंडाळून बांधायचं. दीड महिन्यात मुळं फुटली की मग आईपासनं तोडायचं. झालं नवं झाड."

"असं व्हय! आता कळलं."

धाकू डाळिंबाकडे निघाला. वाटेत गोठा लागला. त्याला वाटलं, डाळिंबं काय, बाजारात मिळतात. म्हैस मात्र एकच आहे, आणि तिचं दूध पुरत नाही. त्यानं वस्तरा आणला. म्हशीच्या शेपटीवरचे बोटभर केस सफाईनं काढले, ओलं शेवाळ लावलं, फडकं गुंडाळलं आणि सुतळी बांधली. शेपूट जागच्या जागीच ठेवली.

संध्याकाळी आबा धार काढायला बसले. म्हशीनं माशी वारली. ओला गोळा सण्णकन आबांच्या उजव्या कानशिलात बसला. आबा वळून बघेपर्यंत डाव्या कानशिलात बसला. चरवी लवंडली. आबांनी नानांच्या कोंबड्याकडे बघत जावयाचा उद्धार केला.

"दीड महिना कळ काढा आबा, नवी म्हैस येतीय," धाकू म्हणाला.

हसावं की रडावं, हे अनसूयेला कळेना. "आवं, हलतं त्ये कधी धरत असतंय का? एकदा बांधलं की हलू द्यायचं न्हाई!"

"असं व्हय! आता कळलं."

दिवाळीला जेमतेम दोन महिने उरले. एक दिवस अनसूयेनं धाकूला समोर बसवलं. "आता शेवटचं. भेटकलम. नीट ऐका. ह्ये कुंडीतलं आंब्याचं रोप साखऱ्याजवळ न्यायचं. रोपाची नि साखऱ्याच्या कोवळ्या फांदीची थोडी थोडी साल काढायची. सोललेल्या बाजू एकमेकींना लावायच्या नि घट्ट बांधायचं. दोघं एका जातीचे असले की दोन महिन्यांत जोड धरतो, दोघं एकजीव होतात. मग रोपाचा शेंडा छाटायचा, फांदी खालनं कापायची. चुकू नका. साखऱ्या गेला तर परत मिळायचा न्हाई." बोलता बोलता तिचे डोळे भरले.

धाकूलाही गलबलून आलं. "चुकणार न्हाई," तो म्हणाला. त्यानं कुंडी घेतली, म्हशीचं दावं घेतलं, कोयता घेतला आणि बांधावर गेला.

दुपारची वेळ. साखऱ्याच्या सावलीत आबा आणि नाना घोरत होते. हल्ली दोघं तिथंच झोपायचे, कारण दुसऱ्यानं बांध सरकवला तर? आबांचं तोंड आपल्या घराकडे, नानांचं आपल्या घराकडे. पाठीला पाठ, मधे फक्त वीतभर बांध. उकाड्यामुळे दोघांनी बंड्या काढून ठेवल्या होत्या.

धाकू थबकला. साल आधीच निघाली होती.

त्यानं कुंडीकडे पाहिलं. हे रोप बाजारातलं. कुठल्या घराण्याचं, कुणास ठाऊक. हे दोघं मात्र एका जातीचे, एका घराण्याचे, एका आईचे. याहून चांगला जोड कुठं मिळायचा?

त्यानं कुंडी बाजूला ठेवली. नानांना हलकेच आबांच्या पाठीला चिकटवलं आणि खांद्यापासून कमरेपर्यंत दावं आवळलं. गाठीवर गाठ मारली. मग ओलं गोणपाट गुंडाळलं.

दोघं दचकून जागे झाले. "आरं, सोड!" आबा ओरडले. "सोड म्हंतो ना!" नाना ओरडले.

"हलू नका," धाकू म्हणाला. "हललं की धरत न्हाई."

"किती येळ?"

"दोन महिनं."

दोघांनी धाकूला शिव्या दिल्या. त्या संपल्यावर एकमेकांना दिल्या. मग तोंडं कोरडी पडली. तेवढ्यात एक मुंगळा आबांच्या मानेवर चढला.

"नाना," आबा म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. "मानेवर मुंगळा हाय रं."

"थांब दादा," नाना म्हणाले. त्यांनी डोकं मागं नेऊन आबांच्या मानेवर घासलं. मुंगळा नानांच्या कानात शिरला. नाना किंचाळले. आबांना हसू फुटलं. आबांची पाठ हलली तशी नानांची हलली, आणि नानाही हसायला लागले. दोघं हसता हसता रडायला लागले.

धाकू टक लावून बघत होता. एक हसला की दुसरा हसतोय. एक रडला की दुसरा रडतोय. एकजीवच की! जोड धरला होता, आणि तोही दोन महिन्यांच्या आत.

त्यानं कोयता उचलला.

"आता एकाचा शेंडा छाटायचा नि दुसऱ्याला खालनं कापायचं," तो म्हणाला. "आबा, शेंडा तुमचा छाटू का नानांचा?"

चार पाय एकदम उठले. खेकड्यासारखे आडवे पळत ते बांध ओलांडून, कोंबडा तुडवून, म्हशीच्या पोटाखालून घरात शिरले. मागे धाकू कोयता घेऊन. "आवं हलू नका, जोड सुटंल!"

"अनसूये!" दोघं एका आवाजात ओरडले. "ह्याला आवर! झाड तोडत न्हाई! साखऱ्या दोघांचा! बाळाच्या नावानं लिहून देतो, पण ह्याला आवर!"

अनसूया पोट धरून हसली. मग पदरानं डोळे पुसत दावं सोडायला बसली. गाठी इतक्या आवळलेल्या, की एकही सुटेना. तिनं सुई घातली, दात लावले. काही उपयोग नाही.

"ह्ये कापायलाच लागंल," ती म्हणाली. "अवो, जरा कोयता आणा हिकडं."

धाकू लगेच उंबऱ्यात आला. कोयता नुकताच घासून आणला होता.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू!" आबा आणि नाना एकदम म्हणाले. "आमी हाय तसंच बरं हाय!"

धाकूनं अनसूयेकडे अभिमानानं पाहिलं. "बघ," तो म्हणाला. "धरला का न्हाई जोड?"