वीणा न दिसण्याचा शाप

पूर्वी कृतयुगात, कल्पवृक्षांच्या छायेने शीतल आणि मंदाकिनीच्या तुषारांनी सदैव प्रसन्न असलेल्या अमरावतीत कलस्वन नावाचा गंधर्व वीणावादक राहत असे. त्याचा एकही स्वर कधी ढळला नव्हता. आणि तरीही, सांगायला वाईट वाटते, त्याचे वादन सुरू झाले की देवसभा पेंगू लागे. साक्षात अग्निदेव जांभई लपवीत. अखेर इंद्राने बजावले, "गंधर्वा, येत्या ध्वजोत्सवात सभा पुन्हा पेंगली, तर तुझे आसन दुसऱ्यास दिले जाईल!"

व्यथित कलस्वन शुचिव्रत ऋषींच्या आश्रमी गेला. "भगवन्, मला मोहिनी द्या. मी दिसताच सर्वांची मने माझ्याकडे धावावीत!"

"प्रथम वाजव," ऋषी म्हणाले.

तो वाजवू लागला. हरिणे जवळ आली, ऋषिपत्नी सुमेधेने फळांचे पात्र पुढे ठेवले, खुद्द ऋषींनी मान डोलावली. पण हा महाशय तारांवरून दृष्टी काढील तर शपथ! बोट चुकेल हेच त्याचे जन्माचे भय.

वादन संपताच ऋषींनी विचारले, "समोर कोण होते?"

कलस्वनाने आता कुठे मान वर करून इकडेतिकडे पाहिले.

"वत्सा, तुझी फळे हरिणांनी केव्हाच संपवली!" सुमेधा हसून म्हणाली.

ऋषी मात्र कोपले. "ज्याला ऐकणाऱ्याचे मुख दिसत नाही, त्याला सभेत स्वतःची वीणाही दिसणार नाही!"

बिचारा मोहिनी मागायला गेला आणि शाप घेऊन परतला.

ध्वजोत्सवाच्या दिवशी तो आसनावर बसला, तोच मांडीवरची वीणा त्याला दिसेनाशी झाली. घाबरून त्याने मान वर केली आणि आयुष्यात प्रथमच सभा पाहिली. वृद्ध द्वारपाल दमून खांबाला टेकला होता.

"तात, आपण बसून ऐका," कलस्वन म्हणाला.

म्हातारा खुलला, त्याला पाहून कलस्वनही खुलला. पहिलेच बोट भलत्या तारेवर पडले. सभा हसली, तोही खदखदून हसला, आणि त्याच आनंदात त्याने असा राग छेडला की वरुण डोलू लागला, अग्निदेव मांडीवर ताल धरू लागले आणि द्वारपालाची काठी कुठे पडली ते त्यालाही कळले नाही.

इंद्र आसनावरून उठला. "हे तेज तुला कोणत्या वराने लाभले?"

"शापाने, देवेंद्रा!"

"मग मी उःशाप देववितो."

कलस्वनाने घाईघाईने हात जोडले. "कृपा करा, तेवढे मात्र करू नका!"

तेव्हापासून कलावंत आरंभी हात जोडून साऱ्या सभेवर नजर फिरवतो, अगदी दाराशी उभ्या असलेल्यापर्यंत. जो हे विसरतो, त्याच्या सभेत पहिली जांभई अग्निदेवच देतात म्हणे.