आठवी फळी

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांना अजून पूल ठाऊक नव्हते तेव्हा, एका राजाने डोंगराच्या खिंडीत भलंमोठं धरण बांधलं. त्याला सात दारं, सगळी पाण्याखाली! कुठलं दार किती उघडं आहे ते वरून दिसायचंच नाही. एक राखणदार जाऊन दुसरा आला, की त्याला कळणार कसं? दारं कमी उघडली तर धरण फुटायचं, जास्त उघडली तर खालचं गाव बुडायचं.

राजाने म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. "दाराच्या चाकाला किती वेढे दिले, ते कोरून ठेवायला फळ्या कर. झटकन कोरता याव्यात आणि वर्षानुवर्षं झिजू नयेत."

"महाराज, मऊ लाकूड झटकन कोरलं जातं, पण तासून तासून संपतं. कठीण लाकूड टिकतं, पण कोरून होईतो पूर गावात शिरेल. दोन्ही गुण एका झाडाला लागत नाहीत."

"मग रे?"

"मऊच घेतो, आणि शेताला जशी पाण्याची पाळी, तशी फळ्यांना पाळी लावतो."

खालच्या गावात सुताराची एकुलती लेक दिलेली होती. त्याने जीव ओतून पांगाऱ्याच्या आठ फळ्या केल्या. सात दारांच्या सात, आठवी कोरी. राखणदारांना त्याने बजावलं, "वेढे बदलायचे तर आधी कोऱ्या फळीवर दाराची खूण, मासा, कासव जी असेल ती, आणि वेढ्यांच्या रेघा कोरा. पुरतं कोरून झालं की कुंकवाचं बोट लावा. मग चाक फिरवा आणि शेवटी जुनी फळी तासा. ती झाली पुढची कोरी. कुंकू नसलेली फळी वाचायची नाही!" कोरी फळी अशी फिरत राही, त्यामुळे कुठलीच एक फळी झिजत नसे.

एक दिवस प्रधान पाहणीला आला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! "ही फळी रिकामी? राजाचं लाकूड फुकट? हिच्यावर महाराजांची बिरुदं कोरा."

झालं! बिरुदं कोरली गेली. आता नवं कोरायचं तर आधी जुनं तासावं लागणार. हे सुताराच्या कानावर गेलं. त्यातच डोंगरावर ढग काळेभोर झाले. राजाचं नाव तासलं तर हात जाईल, नाही तासलं तर लेक जाईल! तो रंधा घेऊन धापा टाकत धरणावर चढला आणि सगळी बिरुदं भराभर तासून काढली. भुसा वाऱ्यावर उडाला.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी पूर आला! राखणदार कासव-दाराची फळी कोरत होता: तीन वेढ्यांचे पाच करायचे होते. चौथी रेघ कोरली, एवढ्यात वाहत आलेला ओंडका धाडकन आदळला आणि राखणदार बेशुद्ध पडला. दुसरा धावत आला. पाणी काठाला लागलेलं! त्याने फळ्या पाहिल्या. कासवाच्या दोन, एकीवर चार रेघा, कुंकू नाही. दुसरीवर तीन, कुंकू ठसठशीत. "म्हणजे चाक फिरलंच नाही!" तो ओरडला. एवढ्या पाण्याला पाच वेढे लागतात हे त्याला ठाऊक होतं; त्याने पाचवी रेघ कोरली, कुंकू लावलं आणि नेमके दोन वेढे दिले. पाणी घोंघावत दारातून निघालं. धरण राहिलं, गावही राहिलं!

पूर ओसरल्यावर राजा आला. "माझी बिरुदं कुणी तासली?"

सुताराने दोन्ही हात पुढे केले. "मी, महाराज. हे ते हात."

राखणदाराने घडलेलं सगळं सांगितलं. राजाने खाली, चुली पेटलेल्या गावाकडे पाहिलं आणि सुताराचे हात आपल्या हातांत घेतले. "नाव गेलं, माणसं राहिली. आठवी फळी यापुढे कोरीच राहील!" आणि जुन्या फळ्या तासण्याचं काम वर्षभर प्रधानाकडे दिलं.

सुतार मात्र तिथे थांबला नाही, गावाकडे उतरू लागला. लेकीकडे भाकरी थापल्या जात होत्या.

म्हणून, लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: नवं पक्कं झाल्याशिवाय जुनं पुसू नये, आणि त्यासाठी राखलेल्या जागेला कधी रिकामी म्हणू नये.