न हलणारा ढग

त्या राज्यात वारा कुणालाच दिसत नसे. दिसत ते फक्त ढग. म्हणून आभाळाच्याही वर एक डोळा टांगलेला होता. तो घटकेघटकेला ढगांचे चित्र उतरवून खाली पाठवी. मोजणीदार निळकंठ दोन चित्रे शेजारी ठेवी, कुठला ढग किती सरकला ते पाही आणि तेवढा वारा लिही. जिथे वारा जास्त, तिथे दरबारातून भिंतींसाठी दगड आणि दोरखंड जात.

कड्यावरच्या वस्तीला कधी काही मिळाले नाही. तिथला पांढरा ढग तसूभरही हलत नसे. निळकंठ तिथे शून्य लिही.

एका वर्षी त्या वस्तीतली चांगुणा नऊ दिवस चालून कचेरीत आली. तिच्या नवऱ्याला वाऱ्याने अंगणातून उचलून दरीत टाकले होते.

"बाई, तुमच्याकडे वारा नाही. ढग जागचा हलत नाही," निळकंठ म्हणाला.

"तो तिथल्या तिथं मरतो, साहेब. एका कडेनं विरतो, दुसऱ्या कडेनं नवा होतो. वरनं बघणाऱ्याला वाटतं, तोच आहे. एकदा येऊन तर बघा."

तो गेला. शेवटचा चढ त्याला पोटावर सरपटत चढावा लागला. वर ढगाच्या चिंध्या होत होत्या आणि पुन्हा ढग होत होता. निळकंठने वारा मोजायचे चक्र उभारले. ते मोडण्याआधी दिसलेला आकडा त्याने लिहून पाठवला.

उत्तर आले : आकडा चित्राशी जुळत नाही, सबब रद्द. त्याने आणखी तीनदा पाठवला. चौथ्यांदा उत्तर आले की त्याच्या जागी दुसरा माणूस बसला आहे.

मग एका सकाळी खालच्या झाडीतून माणसे येताना दिसली. किनाऱ्यावर वाऱ्याने घरे गेलेली चारशे कुटुंबे. दरबाराने त्यांना राज्यातली सर्वांत शांत जागा शोधून दिली होती. झाडीत पान हलत नव्हते. माणसे गात येत होती.

"मागं फिरा!" कड्यावर आडवे पडून निळकंठ आणि चांगुणा ओरडले. वाऱ्याने शब्द तोंडातूनच मागे उडवून नेले. तेव्हा ती दोघे जिवाच्या आकांताने हात हलवू लागली.

खालच्या एका बाईला ते हात दिसले. ती हसली, आणि कडेवरचे तान्हे बाळ तिने दोन्ही हातांनी उंच उचलून त्यांना दाखवले.