टॉर्चच्या उजेडातला निवेदक

मिरजेच्या इंदुमती शेडबाळ्यांचा टीव्ही भर दुपारी बातम्या चालू असतानाच काळा पडला. आवाज येत होता, चित्र गायब. गेल्या वर्षी वारलेल्या नवऱ्याने तो हौसेने आणलेला, त्यामुळे भंगारात द्यायचं त्यांच्या मनात येईना.

कंपनीचे मुख्य तंत्रज्ञ मोहोळकर आले. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्यांनी काचेवर दोन टिचक्या मारल्या आणि निकाल दिला, "पॅनेल मेलंय, काकू. आता नवीनच घ्या. हा आम्ही घेऊन जातो."

"अहो, उघडून तरी बघा."

"अठरा वर्षं हेच करतोय. मेलेलं मला लांबूनच कळतं."

इंदुमतीबाईंनी वाद घातला नाही. नवऱ्याच्या दुरुस्तीच्या दुकानात टॉर्च धरायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि टॉर्च त्या काळ्या काचेला टेकवला. उजेडाच्या गोलात निवेदक दिसला. पुसट होता, पण टाय सावरत कांद्याचे भाव सांगत होता.

"पॅनेल चित्र काढतंय की. मागचे दिवे तेवढे गेलेत."

मोहोळकर चाचरले. "म्हणजे, तसं मेल्यातच जमा..."

"नाही हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "मेलेलं मी जवळून बघितलंय. त्याच्यावर कितीही उजेड धरा, ते कांद्याचे भाव सांगत नाही."

मोहोळकरांनी टॅब खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "काकू, घरात स्क्रू-ड्रायव्हर असेल का?"