पाटलीणबाईंची चांदीची दाढ

ही पुष्कळ जुनी गोष्ट आहे, मुलांनो. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. त्यांनाच तिची गरज जास्त.

नदीकाठच्या एका गावात लग्न ठरवायची एक रीत होती. दोन्हीकडची माणसं जमली की मुलीची आई सुपारी दाताखाली धरायची आणि एका दमात फोडायची. कट्ट आवाज झाला की लग्न पक्कं. सुपारी फुटली नाही, तर पाहुणे उठून आपापल्या वहाणा शोधायला लागत.

एखाद्या आईचे दात कच्चे असले, तर तिच्या वतीनं गावच्या पाटलीणबाई सुपारी फोडत. त्यांच्या उजव्या दाढेवर चांदीचं टोपण होतं. तरुणपणी ती दाढ किडली, तेव्हा नदीपलीकडच्या एका वैद्यानं ती कोरून साफ केली, पोकळीत राळ भरली आणि वर टोपण बसवलं. "वर्षातून एकदा दाखवून जात जा," तो म्हणाला होता. सुरुवातीला पाटलीणबाई गेल्या. मग दाढ दुखेना, म्हणून जाईनात. पुढे वैद्य वारला. टोपण मात्र चमकत राहिलं.

पाटलीणबाईंची सून भारी भित्री होती. पाल चुकचुकली तरी दचकायची. मांजरानं एक भांडं पाडलं की हिच्या हातून दुसरं पडायचं. पण जो सारखा दचकतो, त्याला बारीकसारीकही दिसतं. तिला दिसलं, की सासूबाई हल्ली भाकरी डावीकडूनच चावतात. माठातलं पाणी पिताना त्यांचा उजवा डोळा मिटतो. जेवण झालं की काडीनं त्या एकाच फटीत कोरत बसतात.

आणि येत्या पौर्णिमेला नणंदेचीच सुपारी होती.

 जेवताना सुनेनं विषय काढलाच. "आत्याबाई, तुमची दाढ एकदा दाखवायची का?"

"दुखतीये का मला?"

"नाही, पण..."

"मग? उद्या म्हणशील, आढं पडेल, अंगणात झोपा."

नणंद हसली. "वहिनी, तू तर स्वतःच्या पैंजणांना घाबरतेस."

 सून जागची हलली नाही. "आढ्याला वाळवी दिसली तर सांगेनच की," ती म्हणाली. मग तिनं भाकरीची कडक कड मोडून पुढे केली. "एवढी उजवीकडून चावून दाखवा. पुन्हा बोलणार नाही मी."

पाटलीणबाईंनी कड हातात घेतली. तोंडाजवळ नेली. खाली ठेवली.

"फार वाळलीये," त्या पुटपुटल्या. आता नणंदही हसली नाही.

सुनेला नावेत बसायची भीती वाटायची. तरी दुसऱ्या दिवशी डोळे घट्ट मिटून ती नदी ओलांडून गेली आणि त्या वैद्याच्या मुलीला घेऊन आली. तीही आता दातांची वैदीण होती.

वैदिणीनं टोपणाच्या कडेनं एक बारीक सुई फिरवली. एका जागी सुई आत शिरली. "चांदी चकचकीत आहे हो," ती म्हणाली. "पण चावून चावून झिजलीये आणि कड दातापासून सुटलीये. फटीतून अन्न आत जातंय."

"पण दुखत नव्हतं, बाई."

"फार दुखेपर्यंत थांबला असता, तर मला दाढ उपटावी लागली असती."

पाटलीणबाईंनी तोंड मिटून घेतलं. "एवढी पोरीची सुपारी होऊ दे. मग काय ते कर."

"नाही, आत्याबाई," सून दारात उभी राहून म्हणाली.  "त्या एका सुपारीत दाढही जाईल आणि लग्नही. आजच."

टोपण निघालं तसा सगळ्यांनी नाकाला पदर लावला. आतल्या राळेचा भुगा झाला होता. दाढ काळी पडली होती, पण मूळ शाबूत होतं. वैदिणीनं किडकं कोरून काढलं, नवी राळ भरली, नवं टोपण बसवलं. "ही दाढ आता भाकरीसाठी," तिनं बजावलं. "सुपारीसाठी नाही."

पौर्णिमेला पाहुणे जमले. सगळे कान टवकारून बसले. पाटलीणबाईंनी सुपारी उचलली आणि अडकित्त्यासकट सुनेच्या हातात दिली. "फोड."

कट्ट. आवाजाला सून स्वतःच दचकली.

मुलाच्या मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ही कुठली रीत?"

"आजपासूनची. दाढ भाकरीसाठी, सुपारीसाठी नाही, असं दातांच्या वैदिणीनं बजावलंय," पाटलीणबाई म्हणाल्या. "ज्याला दातानंच फोडलेली हवी, त्यानं पुढं यावं. सुपाऱ्या पुष्कळ आहेत."

मामांनी सुपारीकडे पाहिलं. गालाच्या आत त्यांची जीभ हळूच एका दाढेवरून फिरली. आजूबाजूला दोघातिघांचे हात आपापल्या जबड्याकडे गेले. पुढं मात्र कुणी आलं नाही.

लग्न ठरलं. साखर वाटायला सून मामांपाशी आली, तेव्हा ते खाली वाकून हळूच म्हणाले, "सूनबाई, ती वैदीण कुठल्या गावची गं?"

बोध: वरून चमकतंय आणि आतून दुखत नाही, एवढ्यावर विसंबू नये, जुनी डागडुजी वेळोवेळी तपासावी आणि झिजलेली दिसली की तेव्हाच बदलावी.