चार बोटे जास्त रुंद दमणी

फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की ज्या राज्यात ती घडली त्याचे नाव आज कोणाला सांगता येणार नाही. आणि गोष्टीचे त्यावाचून काही अडतही नाही.

त्या राज्यात घाटाच्या पायथ्याशी एक गाव होते. गावात दोन विणकर राहत. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून ते दोघे एकमेकांचे साडू. थोरल्या साडूचे घर हमरस्त्यावर होते, पुढे मोकळे अंगण होते. धाकट्याचे घर त्याच रस्त्याला फुटणाऱ्या एका अरुंद बोळाच्या टोकाला होते. दोन्ही घरांत माग चालत आणि दोन्ही घरांत माणसे पोटभर जेवत. एवढ्यावर कोणीही समाधानी झाला असता. धाकटा झाला नाही, कारण त्याला स्वतःच्या ताटाआधी नेहमी दुसऱ्याचे ताट दिसे.

थोरल्याने मागाला नवी फणी बसवली, की धाकट्याला आपली फणी झिजलेली वाटे. थोरल्याची गाय व्याली, की धाकट्याच्या घरचे दूध त्याला पातळ लागे. हेवा दुसऱ्याचे काही काढून घेत नाही. तो फक्त आपल्याजवळ असलेल्याची चव घालवतो.

एके वर्षी थोरल्याने दमणी घेतली. दमणी म्हणजे घरच्या माणसांनी बसून प्रवास करायची छपराची बैलगाडी. पहिल्याच दिवशी तो बायकोला बसवून देवळापर्यंत गेला आणि परत आला. धाकटा मागावर बसून बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकत होता. त्या सकाळी त्याचा धागा तीनदा तुटला.

“आज काय झालंय धाग्याला?” त्याच्या बायकोने विचारले.

“सूतच कच्चं आहे.”

“सूत मी कातलंय,” ती म्हणाली, “आणि कालपर्यंत ते पक्कं होतं.”

त्याच सुमारास घाटापलीकडून निरोप आला. धाकट्याच्या तिकडे दिलेल्या मुलीला दिवस गेले होते आणि सातवा महिना लागत होता. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, अशी त्या मुलखाची रीत होती. लेकीला आणायला घरची सर्वांत वडील बाई जात असे. म्हणजे धाकट्या विणकराच्या म्हाताऱ्या आईला जावे लागणार होते, आणि तिचे गुडघे वाकत नव्हते. गाडीवाचून हे होण्यासारखे नव्हते.

“ताईची दमणी नेऊ या,” बायको म्हणाली. “ती आपणहून म्हणाली, घेऊन जा.”

“आपणहून म्हणाली, म्हणूनच नको.”

“म्हणजे मागून मिळाली असती तर चालली असती?”

तो म्हणाला, “आपण आपलीच घेऊ. जुनी का होईना, पण आपली.”

इथवर त्याचे काही चुकले नव्हते. पारखून घेतलेली जुनी गाडी न पारखलेल्या नव्या गाडीपेक्षा कितीतरी बरी. चूक पुढे झाली, आणि ती विणकरालाच शोभण्यासारखी होती. विणकर डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. तो गाठीवर विश्वास ठेवतो. ज्या कापडाच्या बरोबरीचे कापड विणायचे, त्यावर दोरी धरून तो गाठी मारतो आणि त्या गाठींवर आपले कापड बेततो. एका दुपारी साडूच्या घरची माणसे जेवून पडली असताना तो त्यांच्या अंगणात गेला आणि साडूच्या दमणीवर त्याने दोरी धरली. लांबीला एक गाठ, रुंदीला एक, चाकाच्या उंचीला एक, छपराला एक.

सुगीनंतर गावालगतच्या नदीकाठी जुन्या गाड्यांचा बाजार भरे. तिथे एक वृद्ध सुतारीण गाड्या पारखून देई. तिची पद्धत ठरलेली होती. जिथे रंग ताजा दिसे तिथे ती आधी नखाने खरवडून पाही. आसाला वंगण जरुरीपेक्षा जास्त असले, की ते पुसायला लावी; करकर दाबण्यासाठीच कोणी एवढे वंगण घालतो, असे तिचे म्हणणे होते. चाकाचा प्रत्येक आरा ती लाकडी हातोडीने वाजवी. पहिल्या मालकाने गाडी का विकली हे विचारी आणि उत्तरावर विश्वास ठेवीत नसे. शेवटी घरच्या सगळ्यांना गाडीत बसवून ती गाडी नदीच्या गोट्यांवरून हाकायला लावी, आणि स्वतः चाकाला कान देऊन बाजूने चाले.

पण या सगळ्याच्या आधी ती गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारी. विणकरालाही तिने ते विचारले.

“बसणार कोण? वाट कोणती? ओढणार कोण?”

“माझ्या साडूच्या दमणीला बारा घंटा आहेत,” विणकर म्हणाला.

सुतारणीने त्याच्या बायकोकडे पाहिले. “यांना ऐकू कमी येतं का?”

“ऐकू येतं, आजी. पण मधे साडू येतो.”

मग बायकोनेच उत्तरे दिली. बसणार सासूबाई आणि अवघडलेली लेक. वाट घाटाची, आणि शेवटी घराचा बोळ. ओढणार दोन लहान चणीचे बैल; ते एरवी पाठीवरून सुताची गाठोडी वाहत.

सुतारणीने त्यांना एक बसकी, साधी दमणी दाखवली. रंग विटलेला, पण आस सरळ आणि आरे खणखणीत. विणकराच्या आईने कठड्याला हात लावला, पाय उचलला आणि ती आत जाऊन बसली.

“अगं, माझी मी चढले!” ती लहान मुलीसारखी ओरडली. “कोणी हात दिला नाही मला!”

विणकराने दोरी लावली. गाडी पहिल्याच गाठीला वीतभर कमी पडली. “ही नको,” तो म्हणाला.

पुढच्या बाजाराला दुसरी गाडी रुंदीत कमी भरली. त्यापुढच्या बाजाराला तिसरीचे छप्पर बुटके निघाले. दर आठ दिवसांनी बाजार भरत होता आणि दर बाजारी विणकर दोरी गुंडाळून परत येत होता. असे दोन महिने गेले. सातव्यात आणायच्या लेकीला नववा लागला.

“अहो, गाडी पोरीला आणायला हवी आहे, की ताईच्या दारासमोर उभी करायला?” बायकोने एकदा विचारले. त्याने मागाचा आवाज वाढवला.

अखेर बाजारात एक मोठी दमणी आली. कोरीव कठडा, उंच चाके आणि अठरा घंटा. विणकराने दोरी लावली. प्रत्येक गाठीच्या पुढे गाडी चार बोटे जास्त भरत होती.

सुतारणीने ती नेहमीप्रमाणे तपासली. रंग खरवडला, वंगण पुसले, आरे वाजवले. मग आईला आत बसवायची वेळ आली. तिला दोघांनी काखेत धरून वर ढकलावे लागले.

“पोत्यासारखं चढवलंत,” म्हातारी आतून म्हणाली. “उतरवणार कसं, तेही ठरवून ठेवा.”

“ही तुम्हाला नाही,” सुतारीण म्हणाली.

“खोट दाखवा.”

“खोट नाही. गाडी निर्दोष आहे.”

“आस?”

“सरळ.”

“चाकं?”

“उत्तम.”

“मग नको का म्हणता?”

“कारण मी तुमचे बैल पाहिलेत, तुमच्या आईचे गुडघे पाहिलेत आणि तुमच्या बायकोकडून बोळ ऐकलाय. चांगली गाडी आणि आपल्या कामाची गाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

“म्हणजे खोट नाही,” विणकर म्हणाला, आणि ‘खोट नाही’ एवढेच शब्द घेऊन तो गाडीसकट घरी निघाला.

घरी मात्र गाडी पोहोचली नाही. बोळाच्या तोंडाशी तिची चाके दोन्ही भिंतींना टेकली. विणकराला त्याचे वाईट वाटले नाही. बोळाचे तोंड साडूच्या दाराच्या बरोबर समोर होते. त्याने गाडी तिथेच उभी केली आणि साडूच्या चेहऱ्याची वाट पाहत थांबला.

थोरला बाहेर आला. त्याने गाडीभोवती फेरी मारली, कठड्यावरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा खुलला. “वा, साडूबुवा! आमच्यापेक्षा देखणी आणलीत की! अगं, बाहेर ये, बघ तरी!” त्याने बायकोलाही हाक मारली.

विणकराने त्या चेहऱ्यावर खूप शोधले. त्याला जे हवे होते ते तिथे कुठेच नव्हते. आपण इतके दिवस ज्या आगीत जळलो तिची एक ठिणगीही समोरच्याला लागू नये, याहून मोठी शिक्षा हेवेखोराला नसते.

“फक्त घाटात तुमचे बैल हलके पडतील,” थोरला म्हणाला. “माझी जोडी न्या. रिकामीच उभी आहे.”

“माझ्या गाडीला माझेच बैल,” विणकर म्हणाला.

जाताना गाडीत एकटी म्हातारी होती, आणि विणकर व त्याची बायको पायी चालत होती, म्हणून बैलांनी घाट कसाबसा पार केला. परतताना गाडीत लेक बसली, आणि विहीणबाईंनी दिलेली शिदोरी, अंथरुणे, डिंकाचे डबे चढले. घाटाच्या तिसऱ्या वळणावर डावा बैल गुडघ्यांवर बसला. विणकराने चाकामागे दगड लावले, बैलाची शेपटी पिरगाळली, स्वतः चाकाला खांदा दिला. गाडी हलली नाही.

लेक खाली उतरली. भर उन्हात ती चढ चढू लागली. पुढच्या वळणापर्यंत गेली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तिने ओठ दाताखाली धरले होते. तिच्या आईने ते पाहिले आणि ती काय ते समजली.

तेवढ्यात घाटमाथ्याकडून थोरला साडू खाली येताना दिसला. त्याच्याबरोबर त्याची धिप्पाड बैलजोडी होती. बहिणीच्या काळजीने त्याच्या बायकोनेच त्याला मागोमाग पाठवले होते.

आता खरे तेच सांगितले पाहिजे. मदत आलेली पाहून विणकराच्या मनात आधी आनंद आला नाही, संताप आला. त्याने घाम पुसला आणि तो म्हणाला, “कशाला तसदी घेतलीत? आमचं चाललंय.”

दगडावरून लेक म्हणाली, “आबा, माझं चालत नाहीये.”

विणकराने मान खाली घातली आणि आपल्या बैलांच्या मानेवरचे जू काढले.

थोरल्याचे बैल जुंपताच ती गाडी पाण्यावरच्या पानासारखी निघाली. “सुरेख चालते हो तुमची गाडी!” थोरला म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर विणकराला सोसला असता.

गाव आले. बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली. तिथून पुढे तिला वाटच नव्हती. बोळातून घरापर्यंत पन्नास पावले होती.

“एवढंच चाल, पोरी,” विणकर म्हणाला. “आलंच आपलं घर.”

लेकीने एक पाऊल टाकले आणि ती भिंतीला धरून खाली बसली.

समोरच्या दारातून तिची मावशी धावत आली. “काय पाहत उभे आहात सगळे? आत घ्या तिला! अंगण ओलांडलं की झालं!”

तिला उचलून आत नेले. संध्याकाळचे दिवे लागायच्या आत त्या घरात मुलगी जन्मली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

त्या मुलखात बाळंतिणीला सव्वा महिना जागेवरून हलवत नसत. त्यामुळे शेक-शेगडी त्या घरात झाली, बाळाचे न्हाणे त्या घरात झाले, बाराव्या दिवशी पाळणाही तिथल्याच तुळईला बांधला गेला. विणकराची बायको आणि आई तिकडेच असत. बारशाला आलेल्या विहीणबाई घरभर पाहून थोरलीला म्हणाल्या, “तुमच्या घराला लेकीबाळी लाभतात हो!”

विणकर रोज बोळातून पन्नास पावले चालून जाई आणि साडूच्या दाराशी उभा राही. आतून थोरला म्हणे, “साडूबुवा, आत या की! तुमचीच नात आहे, परक्यासारखे दारात काय उभे?” तो आत जाई, नातीला मांडीवर घेई आणि थोड्या वेळाने रिकाम्या हातांनी घरी परते. मागावर बसले, की रस्त्यापलीकडून बाळाचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नसे.

आयुष्यभर त्याने त्या घराचा उगाच हेवा केला होता. आता तिथे हेवा करण्याजोगे खरोखरच काही होते, आणि ते त्याने स्वतःच तिथे नेऊन ठेवले होते.

तात्पर्य: ज्याची नजर दुसऱ्याच्या दारावर खिळलेली असते, त्याला स्वतःच्या घराची गरज कधीच पारखता येत नाही.